पत्र्याच्या खोलीतला मेणाचा ठोकळा

"रक्त जायला कधीपासून सुरुवात झाली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आक्का खाली बघत बसली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय सत्तावन्न, पाळी जाऊन सहा वर्षं झालेली. पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं आणि सोडायचं, एवढंच तिचं चाललेलं. शेजारी दाजी. दाजींनी आधी आक्काकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं, आणि म्हणाले, "हे आता बायकाचं, मॅडम. मला काय माहीत?" तेहतीस वर्षं एका घरात राहिलेला माणूस. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी मोबाईल काढला आणि गावाकडं आईला लावला. स्पीकर चालू केला. हदगावपासून आत आठ-नऊ किलोमीटरवर त्यांचं गाव. तिथून आक्काच्या सासूचा आवाज लातूरच्या त्या दवाखान्यात खणखणीत आला.

"लिहून घ्या म्हणावं," सासू म्हणाली. "पोळ्याला बैलं ओवाळायला पुढं आली न्हाई, तवा पहिल्यांदा. दोन दिवस बसली. मंग महालक्ष्म्याला चार दिवस. दसरा बरा गेला. दिवाळीत पाडव्याला बाजूला. चंपाषष्ठीला बाजूला. संक्रांतीला वाण लुटलं न्हाई तिनं. शिवरातीपास्नं तर कधी बसती अन् कधी उठती, काही नेम न्हाई. होळीच्या पोळ्या नातसूनबाईनं केल्या."

डॉक्टरीणबाई खरंच लिहून घेत होत्या. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "इतकी नीट माहिती मला कुणी देत नाही." कौतुकानं म्हणाल्या की चिडून, ते मला कळलं नाही. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. कुठल्या सणाला बाई देवघराजवळ आली नाही, कुठल्या दिवशी तिनं पिठाला हात लावला नाही, सगळं त्या घराला तोंडपाठ. सात महिने. आणि पाळी गेलेल्या बाईला हे परत का होऊन राहिलंय, हा प्रश्न एकाच्याही डोक्यात आला नाही. सासूनं महालक्ष्म्यांचं, म्हणजे गौरींचं, नाव घेतलं तेव्हा मलाही काहीतरी आठवलं होतं, पण ते मी तिथल्या तिथं दाबून टाकलं.

बाजूला बसणं म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आक्काच्या सासरी अंगणाच्या कडेला एक खोली आहे. तीन बाजूंनी विटा, वर पत्रा. एक बाज, एक रांजण, एक वेगळं ताट-तांब्या. घरातली बाई चार दिवस तिथं. ताट वरून सोडायचं, पाणी वरून घालायचं, शिवायचं नाही. आक्का लग्न होऊन आली तेव्हा त्या खोलीवर गवताचं छप्पर होतं. पुढं घर बांधलं, वर स्लॅब पडला, ट्रॅक्टर आला, पोराला नांदेडला नोकरी लागली, आणि त्या खोलीची सुधारणा म्हणजे काय, तर गवत जाऊन पत्रा आला. लातूरला आम्ही राहतो तिथल्या घरमालकीण लिंगायत आहेत. त्यांच्या घरी असलं काही पाळत नाहीत. बाई त्या दिवसांतही सकाळी इष्टलिंगाची पूजा करतात, स्वयंपाक करतात, आणि त्यांच्या घरावर आजवर काही वीज पडलेली नाही. मी हे एकदा आक्काच्या सासूला सांगितलं होतं. "त्यांचं त्यांच्यापाशी," एवढंच म्हणाली.

तर पाळी गेल्यावर आक्काची त्या खोलीतून सुटका झाली होती. तिनं तेव्हा मला फोन करून सांगितलं होतं, हसत हसत, "सुटले बाई एकदाची." आणि सहा वर्षांनी पोळ्याच्या दिवशी डाग दिसला तर ही शहाणी स्वतःहून उठून पुन्हा त्या खोलीत जाऊन बसली. कुणी सांगावंही लागलं नाही. घरच्यांनीही ताट वरून सोडायला सुरुवात केली. सगळं इतकं बिनबोभाट झालं की दुखणं म्हणून त्याच्याकडं कुणी बघितलंच नाही. नेमाप्रमाणं चाललंय म्हटल्यावर कुणाला काय वाटणार? मला आता वाटतं, ती खोली नसती तर आक्का घरभर डाग लपवत फिरली असती, कपडे धुताना कुणाच्या तरी डोळ्यात आलं असतं, कुणी तरी हटकलं असतं. खोली होती म्हणून सगळ्यांचं समाधान झालं.

मध्यंतरी दाजींनी तिला तालुक्याच्या एका डॉक्टरकडं नेलं होतं म्हणे. त्यानं टेबलावर घेऊन तपासलं नाही, सोनोग्राफी सांगितली नाही. "या वयात होतं असं," म्हणाला आणि रक्त थांबायच्या गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या की परत रक्त, परत खोली. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या शेतातल्या सणाला, मी तिला आमच्याकडं शेतात बोलावलं होतं, मिसळीची भज्जी भाजी खायला, तर म्हणाली पाय दुखतात. मी ऐकून घेतलं.

बोलली ती शेवटी आक्काची सून. तेवीस-चोवीस वर्षांची पोर. तिचे चार दिवस आले आणि ती त्या खोलीत गेली, तर आत आधीच सासू. दोघी एका खोलीत, एक बाजेवर, एक खाली सतरंजीवर. चार दिवसांनी सून न्हाऊन बाहेर आली, सासू आतच. तिनं बाराव्या दिवशी मला फोन लावला. आवाज अगदी बारीक केलेला. "मावशी, चादर धुतली की पाणी लालच निघून राहिलंय. आत्याबाई उभ्या राहिल्या की भिंत धरायल्यात. माझं नाव सांगू नका." तिचं नाव मी अजूनही कुठं सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि एसटीनं नांदेड, तिथून हदगाव. आक्काला घेऊन परत नांदेड. तिथं पिशवीच्या आतलं खरवडून तपासायला पाठवलं आणि आठ दिवसांनी कागद आला. कॅन्सर. गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचा. खाली लिहिलेलं, कमी श्रेणीचा. तिथले सर्जन म्हणाले, "साधाच दिसतोय. पिशवी काढून टाकू, विषय संपला." दाजींचा चेहरा लगेच उजळला. आमच्याकडं पिशवी काढायची म्हटलं की कुणी दोनदा विचार करत नाही. चाळिशीच्या आतल्या किती बायकांच्या पिशव्या अशाच विषय संपवायला काढल्या गेल्यात, ते आमच्या भागात कुठल्याही गल्लीत विचारा.

मला ते "साधाच दिसतोय" खटकलं. सात महिने त्या घराला सगळं साधंच दिसलं होतं. मी हट्टानं तिला लातूरला आणलं. दाजी रस्ताभर तोंड फुगवून होते.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी एमआरआय करायला लावला. तो आल्यावर त्यांनी फिल्म दिव्याच्या पाटीवर अडकवली, नांदेडचा कागद तिच्या शेजारी चिकटवला आणि खुर्ची आमच्या बाजूला ओढून बसल्या. एवढं एक काम, दोन कागद शेजारी लावायचं, तोवर कुणीही केलं नव्हतं. तुकडा बघणारा तुकड्याचं लिहितो, चित्र बघणारा चित्राचं लिहितो, आणि दोन्ही फायली पेशंटच्याच पिशवीत एकमेकींची ओळख न होता फिरत राहतात.

"हे चित्र सांगतं, गाठ कुठवर गेलीय," त्या आक्काला म्हणाल्या, मला नाही, दाजींना नाही. "पिशवीच्या भिंतीत थोडी शिरलीय. अर्ध्याच्या आत आहे. बाहेर काही दिसत नाही. चित्र चांगलं आहे. पण गाठीचा स्वभाव चित्रात दिसत नाही. तो बघायला त्या तुकड्यातली जनुकं आणि प्रथिनं तपासावी लागतात. तुम्ही मुलीला स्थळ बघितलं असेल ना? मुलगा उंच आहे, गोरा आहे, ते डोळ्यांना दिसतं. तरी चार ठिकाणी चौकशी करता की नाही?"

आक्का तेव्हा पहिल्यांदा बोलली. "म्हंजे दिसायला गरीब अन् आतून लबाड, असं बी असतंय का?"

"असतं कधी कधी. फार वेळा नाही. पण असलं तर नुसती पिशवी काढून भागत नाही. आसपासच्या ग्रंथी काढून बघाव्या लागतात, नंतर केमो लागते. आणि नसलं तर उगाच तुम्हाला केमोच्या तोंडी द्यायचं नाही. चित्र आणि जनुकं दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय तुमचा धोका किती ते मी सांगू शकत नाही."

म्हणजे सगळं त्या नांदेडच्या तुकड्यावर येऊन थांबलं. तपासलेला तुकडा तिथं मेणात बसवून ठेवतात, प्लास्टिकच्या छोट्या जाळीवर, काडेपेटीपेक्षाही लहान ठोकळा असतो. तो पेशंटच्या माणसानं मागितला की देतात. तो आणून दिला की त्यावर पुढच्या तपासण्या होतील. नाहीतर पुन्हा भूल देऊन पुन्हा खरवडायचं. आक्काचं रक्त आधीच निम्म्यावर आलेलं. त्या खरवडण्याची तिनं इतकी धास्ती घेतली होती की, "परत न्हाई. मेले तरी न्हाई," असं तिनं डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर सांगितलं.

दाजी म्हणाले, "मी आणतो. त्यात काय." आणि आक्काला घेऊन गावाकडं गेले. दोन दिवसांत ठोकळा घेऊन येतो म्हणाले. नऊ दिवस लागले. भावकीत लग्न होतं. मे महिना. मी रोज फोन करायची आणि दाजी रोज म्हणायचे, "आणलाय हो नांदेडहून, घरीच हाय, जपून ठेवलाय."

दहाव्या दिवशी ते लातूरला आले आणि त्यांनी शर्टाच्या खिशातून वर्तमानपत्राची घडी काढून माझ्या हातात दिली. कागद तेलकट झालेला. भज्याच्या पुडीला असतात तसे डाग. मी उघडलं. आत प्लास्टिकची जाळी होती, नंबर लिहिलेली, आणि तिच्यावर काहीही नव्हतं. मेण सगळं वितळून कागदात मुरलेलं. दोन-तीन ठिकाणी कागदाला तांदळाच्या कणीएवढं करडं काहीतरी चिकटलेलं होतं. ते माझ्या बहिणीचं होतं.

"कुठं ठेवला होता?" मी विचारलं.

"पत्र्याच्या खोलीत. आईनं सांगितलं."

हळूहळू सगळं बाहेर आलं. दाजी ठोकळा घेऊन घरी गेले तेव्हा म्हातारीनं विचारलं, हे काय. हे म्हणाले, तिच्या पिशवीतला तुकडा. म्हातारी म्हणाली, विटाळाची वस्तू, उंबऱ्याच्या आत आणायची नाही. मग दाजींनी विचार केला की खोलीत खाली ठेवलं तर मांजर नेईल, पोरं खेळतील. म्हणून आढ्याच्या लाकडात आणि पत्र्यात जी फट असते तिच्यात कागदात गुंडाळून नीट खोचून ठेवला. जपूनच ठेवला होता, त्यात खोटं काही नाही. मे महिन्यात, हदगाव तालुक्यात, पत्र्याला चिकटवून. दुपारी त्या पत्र्यावर पाण्याचा शिंतोडा मारला तर चर्र वाजतं.

मी माझ्या नात्यातल्या कुठल्याही पुरुषाला कधी बोलले नव्हते तितकं त्या दिवशी दाजींना बोलले. ट्रॅक्टरच्या तेलाचे हात घेऊन तुम्ही देवघरासमोर उभे राहता ते चालतं, कीटकनाशकाचे डबे धान्याच्या खोलीत चालतात, आणि तीन पोरं जिच्यातून निघाली त्या पिशवीचा कणभर तुकडा घरात चालत नाही? तुमच्या आईनं सांगितलं, बरं. तुमचं डोकं कुठं खोचून ठेवलं होतं?  दाजी म्हणाले, "मला वाटलं मेणच हाय, थंड झालं की परत घट्ट होईल." मी सायन्स शिकवते. मला हसू यायला हवं होतं, पण मी खाली बसून रडले.

डॉक्टरीणबाईंनी तो कागद तसाच्या तसा मागून घेतला. "फेकलं नाहीत हे फार बरं केलंत," म्हणाल्या. त्यांच्याकडं प्रयोगशाळेत काम करणारे एक बुजुर्ग मुस्लिम गृहस्थ होते. त्यांनी माझ्यासमोर चिमटा घेतला, कागद उजेडात धरला आणि एकेक कण सोडवायला सुरुवात केली. तास गेला असेल. "बाजी, जल्दी नका करू," ते बहिणीला म्हणावं तसं मला म्हणाले, मी सारखी वाकून बघत होते म्हणून. "जितकं गावलं तितकं गावलं." पाच कण सापडले. त्यांनी ते पुन्हा नव्या मेणात बसवले. ज्या कणांना उंबरा ओलांडू दिला नाही, ते त्या माणसानं डोळ्यात तेल घालून वेचले. मी त्यांचे पाय धरणार होते, ते मागं सरकले.

ठोकळा पुढं मुंबईला गेला. पंधरा दिवस मी वर्गात काय शिकवलं मला आठवत नाही. कागद आला तेव्हा त्यात एक तपासणी, जनुकाचा एकेक धागा वाचायची, झालीच नव्हती. माल उष्णतेनं खराब झालाय असं लिहून आलेलं. पण प्रथिनं रंगवून बघायची तपासणी झाली होती. पेशीला आवर घालणारं एक जनुक असतं, पेशी बिघडली की तिला थांब म्हणणारं. आक्काच्या गाठीत तेच बिघडलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा फिल्म लावली, शेजारी हा नवा कागद लावला.

"चित्र तर चांगलं आलंय म्हणला होता तुम्ही," दाजी म्हणाले.

"चित्र चांगलंच आहे. म्हणून तर वाचायची संधी आहे. पण गाठ गरीब नाही. भिंतीत थोडी शिरलेली आणि स्वभावानं अशी, दोन्ही मिळून धोका वरच्या पायरीचा. नुसतं चित्र धरून चाललो असतो तर पिशवी काढून घरी पाठवलं असतं, आणि वर्षभरानं ही पोटात दुसरीकडं कुठं तरी वर आली असती."

आक्का म्हणाली, "लबाडच निघाली की," आणि उठून बाहेर जाऊन बसली.

ऑपरेशन मोठं झालं. पिशवी, दोन्ही बाजूच्या ग्रंथी, पोटातला चरबीचा पडदा. काढलेल्या ग्रंथींपैकी एकीत त्या पेशी सापडल्या. एमआरआयमध्ये ती ग्रंथी अगदी निरागस दिसत होती. जी तपासणी पत्र्यानं जाळली होती ती काढलेल्या गाठीवर पुन्हा केली. तिच्यातूनही सुटकेची काही वाट निघाली नाही. केमोचे सहा डोस ठरले. दर तीन आठवड्यांनी एक. पुढं काय, ते डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. सहाही डोस वेळेवर झाले तर आशा चांगली. मध्ये ताप आला, जंतू शिरले, डोस चुकले, तर सांगता येत नाही. रक्तातल्या लढणाऱ्या पेशी खाली जातात म्हणून दाजींना त्यांनी समोर बसवून समजावलं. गर्दीत न्यायचं नाही, सर्दी-खोकल्याच्या माणसाजवळ जाऊ द्यायचं नाही, ताजं गरम खायला द्यायचं, जागा स्वच्छ आणि हवेशीर. दाजींनी मान डोलावली. मोबाईलमध्ये रेकॉर्डही करून घेतलं.

पहिले चार डोस आक्का माझ्याकडं राहिली. डोक्यावरचे केस गेले, तोंडाची चव गेली, पण ताप एकदाही आला नाही. चौथ्या डोसानंतर म्हणाली, "मला माझ्या घरी जायचंय. महालक्ष्म्या बसायच्यात." मी नको म्हणत होते. तिचं तोंड बघून सोडलं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मी हदगावची एसटी धरली. घरात पोचले तर अंगणात मांडव, पंगत बसलेली, सोळा भाज्यांचा, आंबिलाचा वास. सून वाढत होती. आक्का दिसली नाही. मी सुनेला विचारलं. तिनं नुसतं अंगणाच्या कडेला बघितलं.

पत्र्याच्या खोलीत. बाजेवर. डोक्याला रुमाल बांधलेला, हातात वेगळा तांब्या. वर तापलेला पत्रा, कोपऱ्यात ओलीचा वास, रांजणावर चिलटं. बाहेर दाराशी ताट ठेवलेलं, त्यातलं वरण गार होऊन वर साय धरलेली. पोट फाडून जे काढायचं ते काढलेली, जिला आता कधी विटाळ येणारच नाही अशी ती बाई, त्याच खोलीत.

"हे कुणी केलं?" मी भर पंगतीत विचारलं.

दाजी पुढं आले. "अहो, डॉक्टरनंच सांगितलंय. गर्दीपास्नं लांब ठेवा. पंगतीला शंभर माणूस. म्हणून चार दिवस इकडं." त्यांनी खिशातून मोबाईल काढला, रेकॉर्डिंग ऐकवायला. मला कळलं की ते मनापासून बोलून राहिलेत. डॉक्टरचं सगळं ऐकून त्यांच्या डोक्यात एकच अर्थ शिरला, जो आधीपासून तिथं तयार होता. बाईला लांब ठेवायचं म्हटलं की त्या घराला एकच जागा माहीत होती.

मी सासूकडं वळले. म्हातारी महालक्ष्म्यांसमोर पाटावर बसली होती. मला जे जे बोलायचं होतं ते मी बोलले. मावशी, सात महिने तुम्हाला एकेक दिवस पाठ होता. पोळा पाठ, पाडवा पाठ, संक्रांत पाठ. कधी बसली ते ठाऊक, का बसली ते कुणी विचारलं नाही. तिचा तुकडा तुम्ही पत्र्याला वाळत घातला. आता बाई वाचवायला चाललोय तर तिलाच परत पत्र्याखाली घातलंत. ह्या दोघी लक्ष्म्या मांडल्यात, त्यांना शालू नेसवलेत, आणि घरच्या बाईला चिलटात बसवलंय. पंगतीतले हात थांबले होते. कुणी तरी म्हणालं, जाऊ द्या हो बाई, सणाचा दिवस.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही.

"तू बी होतीस की," ती म्हणाली. "गेल्या साली. ह्याच दिवशी. ती तिथंच बसली व्हती, त्याच बाजेवर. तिला ताट कुणी दिलं? म्या न्हाई. नातसूनबाईनं न्हाई. तू दिलंस. वरून सोडलंस, जरा बी शिवली न्हाईस. म्या बघत व्हते. आन् म्हणलीस काय तिला?"

मला आठवत होतं. दवाखान्यात म्हातारीनं महालक्ष्म्यांचं नाव घेतल्यापासून आठवत होतं. वरून पुरणपोळी सोडताना मी आक्काला हसत म्हणाले होते, "अगं, सुटले म्हणाली होतीस ना तू? आता नातवंडं खेळवायची सोडून पोर होणार दिसतंय तुला." आक्काही हसली होती. वर्षाला दहावीची दोनशे पोरं माझ्या हाताखालून जातात. फळ्यावर गर्भाशयाची आकृती मी न बघता काढते. मासिक पाळी थांबण्याचं वय किती, हा प्रश्न मीच पेपरात घालते. मला शिवायचं नव्हतं कारण मला मग संध्याकाळी महालक्ष्म्यांना ओवाळायचं होतं.

"तू तर शाळेत शिकवतीस," म्हातारी म्हणाली. "म्या आंगठेबहाद्दर. तू इचारायचं व्हतंस."

मी पंगतीतून एक ताट उचललं, गरम वरण-भात वाढून घेतला, नळावर साबणानं हात धुतले आणि खोलीत गेले. वाकून बाजेवर आक्काच्या शेजारी बसले, तिच्या मांडीला मांडी लावून. पहिला घास तिला भरवला. दुसरा तिच्याच ताटातून खाल्ला. बाहेर सगळे बघत होते, बघू देत म्हटलं. एवढं जेव, म्हटलं, मग आपण लातूरला जायचं, आजच, पाचवा डोस माझ्याकडनं.

आक्कानं घास चावला. गिळायला तिला वेळ लागत होता. मग माझ्याकडं न बघता, दाराबाहेर बघत, हळू म्हणाली, "बसायचंच व्हतं तर तवा बसायचं व्हतं."

आणि थोडी सरकली, मला नीट बसता यावं म्हणून.